हिंट न घेणाऱ्या माणसास

प्रिय अहो,

काल इथल्या मराठी मंडळाने तुमची शोकसभा घेतली. एकेक जण उठून तुमच्या चिकाटीचं कौतुक करत होता. "साहेबांनी कधी कुणाला काही विचारलं नाही, सगळं स्वतः शोधून काढलं," मंडळाचे देशपांडे म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. मला तिथे बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले. डोंबलाची चिकाटी!

चिकाटी म्हणजे ते तुमचे कॉम्प्युटरवरचे खेळ ना? आखातातली शुक्रवारची सुट्टी, बाहेर आपल्या करामा भागातल्या गल्लीत उन्हाची भट्टी पेटलेली, आत एसीची घरघर आणि तुम्ही बनियनवर पडद्यासमोर. पडद्यावर एक बावळट नायक. तो काय करायचा? काही नाही! तुम्ही माउसने टिचकी माराल तिथे चालत जायचा आणि सांगायचा, मला हे जमत नाही. की तुमची पुढची टिचकी. आणि याला म्हणे क्लासिक म्हणायचं!

कोडी तर विचारूच नका. दीपगृहाचं दार बंद आहे. शहाणा माणूस काय करेल? दार ठोठावेल. तुम्ही मात्र पोपटाला पाव द्यायचा, त्याचं पीस घ्यायचं, ते काकवीत बुडवायचं आणि राखणदाराच्या खिशातली किल्ली त्याला चिकटवून काढायची. हे रचणाऱ्याला घरी जाब विचारणारं कुणी नव्हतं का हो? सापडेल ते उचलायचं आणि प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूवर लावून बघायची, याला तुम्ही लॉजिक म्हणायचात. त्या एका दारापाशी तुम्ही अख्खा रमजान अडकून बसला होतात. उपासांमुळे ऑफिस लवकर सुटायचं, तो वेळही तिथेच गेला.

रास अल खोरच्या गोदामातला तुमचा मित्र एकदा त्या कोड्यांच्या उत्तरांचे छापील कागद घेऊन आला. तुम्ही न बघताच परत केलेत. "हिंट घेतली की खलास! मग खेळायचं कशाला?" केवढा तोरा! आपली मुग्धाही तेच शिकली. गणित अडलं आणि मी जवळ गेले, की "डोन्ट टेल मी, आई. आय विल फिगर इट आउट."

मग तो शुक्रवार. जेवणं झाली आणि तुमच्या छातीत कळ आली. मी म्हटलं, खालच्या मजल्यावर डॉक्टर आहेत, बोलावते. तुम्ही माझं मनगट धरलंत. "थांब गं, गॅस असेल. एकेक करून बघू." एकेक! आधी ओवा. मग सोडा. मग बाम. मग गरम पाण्याची पिशवी. मग ओवा आणि सोडा एकत्र! घामाने चिंब झाला होतात, तरी डोळे तसेच, पुढची वस्तू शोधत फिरणारे. मी दाराकडे वळले की पुन्हा मनगट धरायचात; तुमची पकड सुटली तेव्हा मी खाली धावले.

डॉक्टर अनवाणीच वर आले. त्यांनी खूप प्रयत्न केले, पण उशीर झाला होता. नंतर ते जिन्यात बसले आणि मला म्हणाले, "भाभी, मैं तो नीचे ही था. फ्रायडे है ना, छुट्टी. बेल क्यों नहीं मारा?"

काय सांगणार होते मी त्यांना? माझा नवरा हिंट घेत नाही?

तुमची आठवण येते, हेही लिहून टाकते. पण राग आधी येतो. धड रडूही देत नाही.

आणि आता मुग्धा. शाळेतून येते, जेवत नाही, दार लावून बसते. आज सकाळी मी तिच्या पलंगावर जाऊन बसले. विचारलं, "बाबांची आठवण येते?"

"आय ॲम फाइन, आई. आय विल फिगर इट आउट."

मी उठले नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा ती माझ्या मांडीत डोकं खुपसून ओक्साबोक्शी रडली.

तुम्हाला शब्द देते. हिला मी एकटीने काहीही शोधून काढू देणार नाही. ती बोलेपर्यंत विचारीन, चिडली तरी विचारीन. आणि या घरात कुणाला कधी काही दुखलं, तर आधी खालची बेल वाजेल. तिने मनगट धरलं, तर हिसडा देऊन जाईन.

तुमचीच, अजून रागावलेली,
सुनंदा