तिमोनसाठी दार शोधताना

वाल्पाराइसो,
३ ऑगस्ट

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या बेटावरचा पाऊस थांबला का, असं विचारणार होतो, पण चिलोएचा पाऊस म्हणजे घरचाच माणूस, तो जाणार कुठे? तुझे गुडघे, तुझ्या मेंढ्या, तुझे बटाटे, सगळ्यांची खुशाली कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही. आपलं हे कागदाचंच बरं.

मी बरा आहे. तिमोनही बरा आहे. तुझी भावजय लिना गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच, हे तुला ठाऊकच आहे. तिला पुरून आलो त्या दिवशी टेकडीवरचा हा पिवळा कुत्रा माझ्या मागोमाग आत आला, टेबलाखाली मुटकुळं करून पडला आणि परत काही बाहेर गेला नाही. मीही त्याला जा म्हटलं नाही.

गेल्या आठवड्यापासून आम्ही दोघं शहर बघत हिंडतोय. हसू नकोस. अख्खी उमर या बंदरात गोण्या उचलल्या, पण शहर म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. टेकडी उतरायची, धक्क्यावर जायचं, टेकडी चढायची. घाण्याच्या बैलाला गावाची कितपत माहिती असणार? आता सकाळी एक पाव दोघांत मोडून खातो आणि निघतो. तो पुढे, मी मागे. चौकात माणसं लाल दिवा असतानाही पळत सुटतात, हा मात्र शहाण्यासारखा उभा राहतो. माझ्याकडे बघतो, ‘काय घाई आहे यांना?’ म्हणून.

काल अल्मेंद्रालच्या बाजारात गेलो होतो. कांद्यांच्या ढिगामागून एक भाजीवाली ओरडली, “काका, कोण कुणाला फिरवतंय?”

म्हटलं, “तो मला. मी नवीन आहे इथं.”

“मग त्यालाच विचारा, कांदे कुठले चांगले!”

तिनं त्याच्या डोक्यावर हात फिरवला. शेपटी वर गेली. मी ते मनात नोंदवून ठेवलं. प्रत्येक वस्तीत असा थोडा वेळ बसतो मी. कुठे शेपटी वर जाते, कुठे पायांत जाते, बघतो. फुलवाल्यांपाशी वर. बसच्या आगारापाशी काही खरं नाही, कारण चाक फिरताना दिसलं की याच्या अंगात येतं, टायरवर भुंकत सुटतो.

तुला वाटेल, शेपटीचा एवढा अभ्यास कशाला मांडलाय यानं? सांगतो. यास्ना म्हणतेय, बाबा, थोडे दिवस किल्पुएला माझ्याकडे या. तिची इमारत नवी आहे, दाराशी पहारेकरी, आत आरसे, आणि कुत्र्याला मज्जाव. महिनाअखेरीला जायचं ठरतंय. तोवर तिमोनला कुठेतरी दार मिळायला हवं. थोड्या दिवसांचीच तर गोष्ट आहे.

तू पाठवलेले मोजे घातलेत. एक मोठा झालाय, एक लहान. माझे पायही तसेच आहेत, तेव्हा काळजी नको.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. आमच्या टेकडीची रुळांवरून चढणारी लिफ्ट अजून बंदच आहे. आता तिच्या डब्यात कबुतरं वरखाली न होता राहतात.


वाल्पाराइसो,
१५ ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्र मिळालं. अख्ख्या कागदावर एकच ओळ, तीही एवढाल्या अक्षरांत: ‘थोडे दिवस म्हणजे किती?’ लहानपणीही तू अशीच होतीस. मी बोर चोरलं की तू खिशात हात घालत नसायचीस, नुसती तोंड उघड म्हणायचीस.

कायमचा जातोय, ताई.

जूनमध्ये जिन्यांवर पडलो. लिफ्ट बंद झाल्यापासून पाव आणायचा म्हटलं तरी तो लांबच लांब जिना. पिशवी घेऊन चढत होतो, आणि कुणीतरी पडदा ओढावा तसा अंधार आला. शुद्धीवर आलो तेव्हा तिमोन माझ्या छातीवर पुढचे पाय रोवून बोंबलत होता आणि मटणाच्या दुकानातली रोसेंदा सुरी हातात घेऊनच धावत आली होती. मला वाटलं, संपलं, कापायलाच आली. तुला लिहिलं नाही. लिहून तू काय करणार होतीस? बोटीत बसून आली असतीस, आणि मग आम्हाला दोघांनाही उचलायला माणसं लागली असती.

यास्ना आली, पांढरीफटक झालेली. भांडली नाही, रडली नाही. तिनं परत जाऊन माझ्यासाठी एक खोली रिकामी केली आणि स्वतः रंगवली. निळी. म्हणे, बाबा, समुद्रासारखी. आता अशा पोरीशी भांडायचं तरी कुठल्या तोंडानं? वाईट वागली असती तर मी खुशाल इथंच बसून मेलो असतो.

घरमालकाला सांगून झालंय. राहिला तिमोन.

मला वाटलं होतं, यात काय अवघड आहे? तो मुळात टेकडीचाच. तुला आमची रीत माहीत नसेल, तुमच्याकडे कुत्रा म्हणजे मेंढ्यांचा नोकर. इथं टेकडीचा कुत्रा सगळ्यांचा असतो. रोसेंदानं हाडं द्यायची, वरच्या शिंपिणीनं हिवाळ्यात अंगात घालायला काहीतरी विणायचं, कुणीतरी दुकानाच्या दाराशी झोपायला खोकं ठेवायचं. मालक कुणी नाही, उपाशी कुणी नाही. म्हणून मी शनिवारी रोसेंदाच्या दुकानात गेलो आणि गर्दीदेखत सांगून टाकलं, “रोसेंदा, तिमोनला परत घ्या तुमच्यात.”

“तुमच्यात म्हणजे कुणात?”

“टेकडीत. पूर्वी होता तसा.”

तिनं हात पुसले. “एवारिस्तोकाका, पूर्वी तो टेकडीचा होता. तुम्ही त्याला पांघरुणात घेतलंत. जो घरात झोपला तो घरचा, हे मी सांगायला हवं का तुम्हाला? खोकं रिकामं राहिलं, म्हणून टेकडीनं दुसरा ठेवला.”

बघतो तर दाराशी एक काळा, शिंपिणीनं विणलेला लाल कोट घालून बसलेला. पूर्वी तोच कोट... जाऊ दे. नवा विणला असेल.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, “आणि काका, हा तर आता पावाला लोणी लावून मागतो!”

“लोणी? मुरंबा!” दुसऱ्यानं भर घातली.

सगळे हसले. मीही हसलो. द्वेष नव्हता त्यात कुणाचा. रीत ती रीत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, याच्यावर एका घरचा झाल्यामुळे उपाशी राहायची पाळी आली. काळा हळूच गुरगुरला. तिमोननं भांडण केलं नाही, माझ्याकडे पाहिलं. परक्याच्या लग्नात वाढप्यानं ताट ओढून घेतलं की माणूस बघतो ना, तसं.

मग आम्ही पुन्हा शहर पालथं घालायला निघालो. आता मात्र शहर बघतोय असं स्वतःलाही सांगवत नव्हतं. दफनभूमीबाहेरच्या फुलवाल्या बाईनं हो म्हटलं आणि दुपारीच परत दिला. शववाहिकेलाही चाकं असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती म्हणाली, “काका, मेलेल्याला तरी निवांत जाऊ द्या हो.” प्लाया आंचा टेकडीवर एका विधवेचं अंगण छान होतं, पण तिनं आतून साखळी आणली. मी म्हटलं, चूल पेटती ठेवून आलोय, आणि निघालो. माझ्या घरी चूल नाही, हे तिमोनलाही माहीत आहे.

परवा आम्ही पार समुद्राकाठी कोळ्यांच्या बंदरावर जाऊन पोचलो. तिथं निनोस्का म्हणून एक बाई मासे कापते. चाळिशीची असेल, तोंडात विझलेली सिगारेट, हात सुरीपेक्षा जलद. मी अजून तोंड उघडतोय तोवर तिनं एका माशाचं डोकं तिमोनपुढे फेकलं.

मी म्हटलं, “तो मासा खात नाही.”

खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नाव काय?”

“तिमोन.”

“तिमोन म्हणजे सुकाणू! बरं आहे, आमच्या अर्ध्या होड्यांना नाहीच.” तिनं आणखी एक डोकं फेकलं. “सोडायला आलात ना?”

मी तिमोनच्या शेजारी खाली बसलो.

“इथं सगळे सोडायलाच येतात, काका. तुम्ही निदान बरोबर बसलात. ठेवा. चाकंबिकं इथं येत नाहीत, आणि समुद्रसिंह काठावर चढले तर हाकलायला कुणीतरी हवंच.”

“रात्री रडेल थोडा.”

“मीही रडले होते, नवरा गेला तेव्हा. मग पहाटे मासे आले.”

सोमवारी नेऊन सोडायचं ठरवलंय. ताई, रविवारी देवळात मेणबत्ती लावशील तेव्हा माझ्यासाठी काय मागायचं ते मला सांगता येत नाहीये. तो तिथं टिकावा असं माग म्हणायला बसलो, तर हात पुढे सरकेना. तूच ठरव.

तुझा,
एवारिस्तो


वाल्पाराइसो,
३० ऑगस्ट

प्रिय ताई,

खोकी बांधून झालीत. टेबल रोसेंदाला दिलं, लिनाचं शिवणयंत्र शिंपिणीला. हे पत्र पिंपावर ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर डगमगतंय. दुसरं काही नाही.

सोमवारी त्याला नेलं. निनोस्कानं त्याला माशांच्या टोपल्यांमागे बोलावलं, मी उलट्या दिशेनं निघालो. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पाहिलं नाही. कुणी रडलंबिडलं नाही, मीही नाही.

रोसेंदा म्हणाली, “कशाला तोंड पाडता? तिन्हीसांजेला दारात हजर असेल बघा. कुत्रा तो, वाट विसरतो का?”

मला तेच हवं होतं. दार उघडं टाकलं. पाणी ठेवलं. त्याला काय बोल लावायचे तेही ठरवून ठेवलं होतं, म्हणजे आपण लाड करतोय असं त्याला वाटायला नको. पुढे काय, यास्नाला काय सांगायचं, याचा काही विचार केला नव्हता. नुसतं तो यावा, एवढंच.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. वारा येऊन दार आपटायचा, मी उठायचो. रोसेंदाचं बोलणंही बदललं. “रस्त्यात कुठे गाडीबिडी...” म्हणाली आणि तिनंच जीभ चावली. मग मात्र मला बसवेना. जिना उतरलो, मध्ये दोनदा बसलो, बस पकडून बंदरावर गेलो.

सुखरूप होता. नुसता सुखरूप नव्हे, अंगानं भरला होता. अंगाला असा मासळीचा वास की लिनानं उंबऱ्याबाहेरच उभा केला असता. मला बघून धावत आला, हात चाटले, दोन गिरक्या घेतल्या. ओळख होती, ताई. ओळख पूर्ण होती.

तेवढ्यात निनोस्कानं हाक मारली, “ए म्हाताऱ्या!”

आम्ही दोघांनीही मान वळवली.

ती पोट धरून हसली. “तुम्हाला नाही हो, काका! याला. तिमोन तिमोन केलं की सगळे खलाशी ओरडतात, सुकाणू कुठे हरवलं. मग हेच पडलं.”

तो उड्या मारत तिच्याकडे गेला. माशाचं डोकं घेतलं, पुन्हा माझ्याकडे आला, माझ्या पायाशी बसून खाल्लं. मी एका उपड्या होडीवर बराच वेळ बसलो. निनोस्कानं चहा दिला. म्हणाली, “रडला हो. एक रात्र. मग समुद्रसिंह आले, कामाला लागला.”

मी उठलो तसा तोही उठला. माझ्याबरोबर चालू लागला.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी सगळं परत मांडलं. यास्नाला नाही म्हणायचं. जिन्यावर पडलो तर पडलो. टेबल रोसेंदाकडून परत आणायचं. तो पुढे, मी मागे, अगदी आमच्या नेहमीच्या चालीनं. टोपल्या गेल्या, होड्या गेल्या, जाळी वाळत घालायचे बांबू गेले. आम्ही मोठ्या रस्त्यापाशी पोचलो.

तिथं तो थांबला. खाली बसला.

या शहरातल्या कुत्र्यांची एक सवय आहे. वस्तीत परका माणूस आला की ते त्याच्याबरोबर चालतात, हद्दीपर्यंत नीट पोचवतात, आणि मागे वळतात. आमच्या टेकडीवर तिमोननं किती जणांना असं पोचवलं असेल. मी खिडकीतून बघायचो आणि लिनाला म्हणायचो, बघ, पाहुण्याला निरोप देऊन आला.

तो बसला होता आणि शेपटी जमिनीवर हळूहळू आपटत होता. चेहरा इतका चांगला, ताई, इतका सभ्य. जा म्हणत होता. सांभाळून जा.

हाक मारली असती तर आला असता. निदान मला तसं वाटतं. पण आला असता तर नेलं कुठे असतं? निळ्या खोलीत? आणि नसता आला तर? नाव ओठांवर आलं होतं, तिमोन, तीनच तर अक्षरं. गिळलं. एवढी जड गोणी धक्क्यावर कधी उचलली नव्हती.

रस्ता ओलांडला. पलीकडे पोचून पाहिलं तर तो बंदराकडे निघाला होता. काम असल्यासारखा. काम होतंच.

उद्या सकाळी यास्ना गाडी घेऊन येईल. दारातच विचारेल, “बाबा, कुत्र्याचं सगळं नीट झालं ना?” मी हो म्हणणार आहे. खोटं नाही ते. पोटभर खातो, मोकळा हिंडतो, कुणी बांधत नाही, कुणी मारत नाही. मी जे मागायला हवं होतं ते सगळं मिळालं, ताई, आणि ते माझ्याच्यानं पेलवत नाहीये.

पत्ता मागे लिहिलाय. मोठ्या अक्षरात लिही. एकच ओळ असली तरी चालेल.

ज्याचं सगळं नीट झालं असा तुझा धाकटा,
एवारिस्तो