थोरानं चालून दिलेली पावलं

नॉर्डाल, मिनेसोटा
ता. ११ फेब्रुवारी १९५१

ती. आर्विडदादास,
धाकट्या इंगाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे खुशाल आहोत. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलंय. नेल्स रोज सकाळी गोठ्यापर्यंत वाट खणतात आणि रात्रीतून ती पुन्हा बुजते.

सिनेमातला बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स असायचे, त्यांवरून चालताना इतकी कुरकुर व्हायची की नटांचं बोलणंच ऐकू येईना, म्हणून आता साबणाचा फेस उडवतात, हे तू लिहिलेलं मी चर्चमधल्या बायकांच्या कॉफीला वाचून दाखवलं. टोलेफसनबाई म्हणाल्या, तुझ्या भावाला सांग, आमच्या अंगणातला घेऊन जा, वर कॉफीही पाजू. पण तू नट्यांचे उंच टाचांचे बूट घालून त्यांच्या पावलांचे आवाज काढतोस, हे काही मी वाचलं नाही. पन्नाशीला टेकलेला माझा भाऊ, रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर, आणि सोमवारी बायकांच्या बुटांत! मी गिळून टाकलं. थोरा मात्र तेवढंच चारदा वाचून हसत बसली. मामाला आता पडद्यावर ओळखायचं म्हणजे नटीच्या पायाकडे बघायचं, असं म्हणते.

हसते ते ठीक, दादा, पण मला घोर लागलाय. वेंडेलनं तिला मागणी घातली. तोच, दुधाची गाडी चालवणारा, थोडंच बोलणारा. ती हो म्हणाली. आणि लगेच म्हणाली, की लग्न पाळकांच्या बैठकीच्या खोलीत, दोन साक्षीदार पुरेत, चर्चमध्ये नाही. मी कारण विचारलं तर म्हणते, आपल्या चर्चची जमीन फळ्यांची, दारापासून वेदीपर्यंत लांबच लांब, सगळा गाव माझ्या पायाचा लोखंडी कॅलिपर ऐकत बसेल आणि नवरी कोणाला दिसायचीच नाही. मी रडले, तर म्हणाली, आई, तू तर अगदी आत्तापासूनच सुरू झालीस.

आपली आई त्याच फळ्यांवरून चालली, मीही चालले. पोलिओनं माझ्या पोरीचा पाय नेला, आता हेही न्यायचं का? तू लांब आहेस, पण ती तुझं ऐकते. काही लिही.

माया आहे तशी राहो.
तुझी, इंगा


हॉलीवूड
ता. २५ फेब्रुवारी १९५१

चि. सौ. इंगास,
आर्विडचे अनेक आशीर्वाद.

थोराची बातमी वाचून गुडघे टेकून देवाचे आभार मानले. वेंडेल थोडं बोलतो हे चांगलंच आहे. आमच्याकडे फार बोलणारे फार आहेत.

तिला काय लिहू? उपदेश मला जमत नाही. मला पावलं जमतात. लोकांना वाटतं, सिनेमात दिसतं तेच ऐकू येतं. तसं नसतं गं. चित्रण चालू असताना माइक नटाच्या तोंडाकडे असतो, पायांकडे कोण बघतो? नंतर आम्ही अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर उभे राहतो. खाली वाळूचा खण, खडीचा खण, फळ्यांचा खण. पडद्यावरचा माणूस चालला की आम्ही चालायचं. नवे लोक त्याच्या पायांकडे बघतात आणि मागे पडतात. जुने खांद्याकडे बघतात, कारण पाय उचलायच्या आधी खांदा सांगतो. हाड मोडायचं असेल तर सेलरीची जुडी पिळायची, आग हवी तर चुरचुरणारा कागद चुरगाळायचा, बर्फातली पावलं म्हणजे कातडी पिशवीत भरलेलं मक्याचं पीठ. आमची नावं पडद्यावर येत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. इतके लोक अंधारात बसून एका खोट्या पावलावर विश्वास ठेवतात, हे मला रोज नव्यानं नवल वाटतं. विश्वास ही काही लहान गोष्ट नाही.

आता माझी अडचण सांगतो. सध्याच्या चित्रपटात एक तरुण लढाईवरून परततो. एका पायाला लोखंडी पट्ट्या. घराच्या लाकडी ओसरीवरून दारापर्यंत चालत येतो. नटानं घातलेल्या पट्ट्या हलक्या पत्र्याच्या, मुक्या. मी फाटकाचं बिजागर आणि घोड्याच्या जिनाचं कातडं बुटाला बांधून चाललो. आमच्या खात्याचे मुख्य हार्लन म्हणाले, आर्विड, माणूस घरी येतोय, गोठ्याचं दार नाही. खरं होतं ते. मी थोराला शेवटचं पाहिलं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि पळत होती. तिचं आताचं चालणं मी कधी ऐकलेलं नाही. तू रोज ऐकतेस. तो आवाज कसा असतो ते मला सविस्तर लिहून पाठवशील का?

प्रभू तुम्हा सर्वांवर कृपा ठेवो, आणि तू माझ्यावर.
तुझा, आर्विड


नॉर्डाल
ता. ४ मार्च १९५१

ती. दादास, सा. न.

मी तुला तिची समजूत घालायला सांगितलं होतं. तू तिच्या पायाचा आवाज मागतोस? सिनेमासाठी? या घरात नऊ वर्षं तो आवाज आला की कोणीतरी रेडिओ मोठा करतं, कोणीतरी भांडी वाजवतं, आणि कोणी कोणाला का ते सांगत नाही. तो आवाज कसा आहे हे मी कागदावर लिहायचं? लिहिणार नाही. तुझं पत्र मी चुलीत घातलं.

रागावले आहे, पण तब्येतीला जप. जास्त लिहीत नाही.
इंगा


नॉर्डाल
ता. ६ मार्च १९५१

ती. आर्विडमामास थोराचा सा. न. वि. वि.

आईनं तुझं पत्र चुलीत घातलं, हे खरं. पण टपाल पेटीतून रोज मी आणते, आणि पाकिटं वाफेवर किती छान उघडतात हे आईला ठाऊक नाही. तेव्हा रागावू नकोस, देवाची मी माफी मागितली आहे, तुझी आता मागते.

मामा, तुझं बिजागर साफ चुकलं. बिजागर करकरतं. माझा पाय करकरत नाही, तेल कोण घालतं? मीच. आधी घोट्याच्या सांध्याचा बारीक टक् होतो. मग टाच पडते, जरा जड. मग मांडीवरचा पट्टा हलकेच ताणतो. आणि मग चांगला पाय येतो घाईघाईनं, उशीर झाल्यासारखा. तू बहुतेक दोन्ही पाय सारख्याच वेळानं टाकत असणार. तसं चाललास तर लोकांना वाटेल, कोणी खोगीर घालून नाचतोय.

नऊ वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. सगळ्यांना ऐकू येत नाही, असं सगळे दाखवतात. आमचे पाळकसुद्धा मी आत आले की एकदम जोरात हवापाण्याचं बोलायला लागतात. तू विचारलंस, तेव्हा आधी कान तापले, मग मी खोलीत फेऱ्या मारून पहिल्यांदाच नीट ऐकलं. आवाज वाईट नाही रे.

पण वाचून तुला जमायचं नाही. मीच येते. आईला सांगेन, लग्नाआधी समुद्र पाहायचाय. अटी दोन. समुद्र खरंच दाखवायचा, आणि तुझ्या स्टुडिओत कोणी माझ्याकडे बघून डोळे पुसायचे नाहीत. लग्न मात्र पाळकांच्या खोलीतच. त्याबद्दल शब्द काढलास तर पहिल्या गाडीनं परत.

मामीला नमस्कार लिहिला असता, पण तू लग्नच केलं नाहीस, मग माझ्या लग्नात तुला कोण विचारतो!
तुझी लाडकी आणि चोरटी,
थोरा


हॉलीवूड
ता. ८ एप्रिल १९५१

चि. सौ. इंगास अनेक आशीर्वाद.

थोराला आज गाडीत बसवून दिलं. समुद्रही पाहिला. पहिल्यांदा पाहून म्हणाली, की आपल्या गव्हासारखाच आहे, फक्त कापता येत नाही. पण ती समुद्रासाठी आली नव्हती. आम्ही दोघांनी तुझ्यापासून लपवलं. ते तिच्याच तोंडून तुला कळायला हवं होतं, पण तिनं ते काम माझ्यावर ढकललं. तिची इच्छा होती म्हणून तिला मी आमच्या खोलीत नेलं. रागव, पण आधी पुरतं वाच.

ती फळ्यांच्या खणात उभी राहिली. मी तिला खांद्याची युक्ती सांगितली. पडद्यावर तरुण चालू लागला, ती चालू लागली, आणि मेळ बसेना. पुन्हा केलं, पुन्हा बसेना. दिग्दर्शक मागे खुर्चीत होते. मोठा माणूस, कामात कडक, सगळे त्यांना वचकून असतात. थोरानं वळून त्यांना सांगितलं, की हा मुलगा पाय असा ओढतो, जसं कोणी त्याच्या पाठीवर पोतं दिलंय आणि त्याला त्याचं फार वाईट वाटतंय. चालताना आम्ही पायाचा विचार करत नसतो, मध्ये मांजर आडवं येईल का हे बघत असतो. हार्लन खोकले. मी मनात प्रार्थना म्हटली.

दिग्दर्शकांनी विचारलं, की मग तू तुझ्या घरी कशी जातेस ते चालून दाखव, पडद्याकडे बघू नकोस. ती चालली. जणू ओसरीच्या पायऱ्यांपासून दारापर्यंत, तिच्या स्वतःच्या घाईनं. मग त्यांनी संकलकाला सांगितलं, की त्या मुलाचं चालणं काढून टाका, आतल्या आईचा चेहरा लावा.

इंगा, आता तो प्रसंग असा झाला आहे. आई चुलीपाशी उभी, हातात पळी. बाहेरून पावलं येतात. मुलगा दिसतच नाही. आई वळत नाही, रडत नाही. नुसती पळी थांबते. बस. ही बाई याच पावलांची वाट बघत होती, हे तिनं डोळा न हलवता सांगितलं. केवढी नटी ती! आणि केवढा तो माणूस, ज्यानं आपलं इतक्या मेहनतीचं चित्र क्षणात टाकून दिलं आणि आवाजावर भरवसा ठेवला. मी पत्रा हलवून वादळं केली, नारळाच्या करवंट्यांनी घोडदळं पळवली. पण आवाजानं चित्राला जागा सोडायला लावली, हे इथं आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

कोणी डोळे पुसले नाहीत. मी नाक शिंकरलं, त्यावर थोरानं भुवई उडवली.

लग्नाबद्दल मी शब्द काढला नाही. तसं वचन होतं. रोज रात्री देवाजवळ मात्र काढतो, त्याला तिनं मनाई केली नव्हती.

रागात का होईना, चार ओळी लिही.
आर्विड


नॉर्डाल
ता. १३ जानेवारी १९५२

ती. आर्विडदादास इंगाचा सा. न. वि. वि.

उन्हाळ्यात तुला दोन कोरडी पत्रं लिहिली. आज नीट लिहिते. कामामुळे तुला लग्नाला येता आलं नाही, म्हणून सगळं सांगते.

चित्रपट आमच्या थिएटरात नाताळच्या आधी लागला. थोरानं कोणालाच काही सांगितलं नव्हतं, वेंडेललाही नाही. आम्ही चौघं गेलो. तो प्रसंग आला. चूल, पळी, आणि बाहेर फळ्यांवर ते पहिलं टक्. दादा, मी सवयीनं काहीतरी वाजवायला हात उचलला आणि माझ्या मांडीवर फक्त हातमोजे होते. मग ऐकावंच लागलं. नऊ वर्षांत प्रथमच मी माझ्या लेकीचं चालणं दारापर्यंत ऐकलं.

आणि तेवढ्यात वेंडेल! हा महिन्यातून दहा वाक्यं बोलणारा मुलगा ताडकन उभा राहिला आणि सगळ्या थिएटराला ऐकू जाईल असं म्हणाला, की ही तर थोरा आहे! मागून कोणी ओरडलं, खाली बस रे दूधवाल्या. तो बसेना. थोरा त्याचा कोट ओढत होती. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, की रोज पहाटे तुमच्या दारात कॅन बदलायला मी मुद्दाम वेळ लावतो तो कशासाठी? तू आतून ओट्यापर्यंत येतेस ते ऐकायला. मग दिवस सुरू झाला असं वाटतं.

घरी आल्यावर थोरा मला म्हणाली, की पाळकांना सांग, चर्च.

लग्न काल झालं. सगळा गाव होता. नेल्सनी तिचा हात धरला, दार उघडलं, आणि टोलेफसनबाईंनी ऑर्गन असा काही घुमवला की खिडक्या थरथरल्या. बिचारीनं मायेनंच केलं, मला ठाऊक आहे. दुसरं पाऊल टाकून थोरा थांबली. लोकांना वाटलं, पाय दुखला. नेल्स वाकून विचारू लागले, तर ती म्हणाली, बाबा, जरा थांबा. टोलेफसनबाईंनी ऑर्गनवर लावलेल्या आरशात बघून आवाज कमी केला. थोरा हलली नाही. आणखी कमी केला. थोरा तशीच, हसऱ्या चेहऱ्यानं, घाई नसल्यासारखी. शेवटी बाईंनी हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले.

मग ती चालली. कोणी खोकलं नाही, कोणी खाली बघितलं नाही. टक्, टाच, आणि मागून तो दुसरा पाय, लगबगीनं. त्या फळ्यांवर माझ्या पावलांचा एवढा सुंदर आवाज झाला नसेल.

वेंडेल वेदीकडे तोंड करून उभा होता. भाऊ त्याला कोपरानं ढोसत होता, वळून बघ म्हणून. तो वळला नाही. मान किंचित कलती करून नुसता ऐकत राहिला. आणि ती अगदी जवळ आली तेव्हा, न बघताच, त्यानं हात मागे केला. तो बरोबर तिच्या हाताशी आला.

तुझ्या लोभात आता आम्ही चार जण आहोत, सगळ्यांना पुरेल एवढा ठेव.

तुझी,
इंगा