दोन मोहरक्यांच्या मधला वेळ

मामंजी,

तुमची तब्येत कशी आहे? छातीत अजून कळ येते का, की तिकडं गेल्यावर सगळं बसलं? आत्याबाईंचा दमा कसा आहे? त्यांना सांगा, इथं आता चुलीचा धूर राहिला नाही, गॅसवर भाकरी होते, आणि त्या म्हणायच्या तशी त्या भाकरीला खरंच चव नाही. तुमच्या चिरंजीवांना तिकडं येऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची साखर आटोक्यात आहे का? चोरून गुळाचा खडा तोंडात टाकतात, नजर ठेवा. धाकट्या वन्सं तापात गेल्या तेव्हा परकरात होत्या. त्या मोठ्या झाल्या, की तिकडं वय थांबतं, हे मला कुणाला तरी विचारायचंच होतं. आणि अबलख घोडी? ती तुमच्याच जवळ बांधलेली असेल. तुम्ही तिच्यावर रागावला नसाल, हे मला ठाऊक आहे. माझं म्हणाल तर गुडघे बोलतात आणि हाताची बोटं पुरती मिटत नाहीत. बाकी बरं आहे.

कागद हातात घ्यायचं कारण असं, की आपण परवा घोडी विकली. अबलखीच्या लेकीची लेक. लेक माझा जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात जातो, कधी फटफटीवर, कधी टेम्पोत बसून. घरी येतो तेव्हा त्याच्यात ताट ओढून घ्यायचंही त्राण नसतं. वरातीला घोडी कमीच सांगतात आता, नवरदेव मोटारीच्या छतातून अर्धा बाहेर निघून हात हलवत येतात. खरारा करायला माझा हात चालत नाही. घोडी उभ्या उभ्या झिजून चालली होती. मी स्वतःच म्हणाले, देऊन टाक. म्हणाले खरं, आणि त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. कारण घोडी विकायची म्हणजे काय करायचं असतं, हे या घरात आता एकट्या मलाच माहीत होतं.

तुम्हीच मला शिकवलं होतं. जनावर द्यावं, त्याची मोहरकी देऊ नये. तोंडावरच्या त्या दोरीत घरची लक्ष्मी असते, ती उतरवून घरात ठेवायची आणि घेणाऱ्यानं स्वतःची आणायची. आणि एका तोंडावर दोन धनी नकोत, म्हणून आपली आधी उतरायची, मगच त्याची चढायची. तुम्ही हे सांगत होता तेव्हा मांडीवर अंबाडीचा वाख वळत होता आणि मी नवी नवरी, ओट्यावर बसून तुमच्या हाताकडं बघत होते. बघून बघून मला वाटलं, आपल्यालाही येतं. तुम्ही शेतात गेल्यावर मी बादलीतली भिजलेली दोरी घेऊन एक मोहरकी बांधली आणि मोठ्या हौसेनं तुमच्यापुढं धरली. तुम्ही गाठ दाबून पाहिली आणि ओरडला, "अगं ए, वल्ल्या दोरीला गाठ मारती काय? वाळली का आवळती ती, जनावराला चावती! तुझ्या गळ्यात घालू का, मंग कळंल?" मी रांजणाआड जाऊन रडले. संध्याकाळी जेवायला बसले तर माझ्या ताटाशेजारी तुमचा दाभण ठेवलेला, टोकाला तेल लावलेला. "रडायला वेळ हाय म्हंजी शिवायलाबी हाय," एवढंच बोलला आणि भाकरी मोडली. सासरी आलेल्या पोरीला कुणी लुगडं देतं, कुणी डोरलं. मला दाभण मिळाला, आणि त्यावर मी आयुष्य काढलं.

आता तो दिवस, अबलख विकायचा. तो मी कधी कुणापुढं पुरता बोलले नाही, तुमच्यापुढं काय लपवायचं. अंबडकडचा गिऱ्हाईक दारात उभा आहे. आत्याबाई घोडीच्या कपाळाला हळद-कुंकू लावून मागं सरल्या आहेत, मी गूळ घातलेली भाकरी चारली आहे, माझ्या तळव्याला तिच्या ओठांचा ओलावा अजून आहे. तुम्ही तिच्या कानामागून मोहरकी काढता, खांद्यावर टाकता, आणि हात पुढं करता. गिऱ्हाईक आपली देतो. नायलॉनची, हिरवीगार, बाजारातून अंदाजानं घेतलेली. ती नाकाडावरून चढते आणि गालफडावर अडकते. तुम्ही हसता. "पाव्हणं, घोडी घ्यायला आले का शेळी?" सगळे हसतात. तो गाठी सोडायला बसतो, आणि नायलॉनच्या गाठी काही त्याला सुटत नाहीत. तुमचा एक हात तिच्या गळ्याभोवती, एक आयाळीत. तोंडावर काही नाही. तेवढ्यात रस्त्यानं ट्रॅक्टर जातो आणि त्यावरचा भोंगा एकदम वाजायला लागतो.

घोडी गेली ती तुम्हाला घेऊनच गेली. फाटकाच्या दगडी खांबाला तिनं अंग घासलं, आणि मधे तुम्ही होता.

किती दिवस तुम्ही पलंगावर होता ते मी मोजले नाहीत. श्वास घेताना तुमच्या बरगड्यांतून चुलीतल्या ओल्या लाकडाचा येतो तसा आवाज यायचा. तुमचे चिरंजीव काठी घेऊन दारात परत आलेल्या घोडीकडं निघाले, तेव्हा तुम्ही आतून बोललात, तुकड्या-तुकड्यानं. "तिला हात लावायचा न्हाई. तिच्या तोंडावर काईच नव्हतं. मोकळ्या जनावराला काय ठावं, ते कुणाचं हाय." गिऱ्हाईक पुन्हा आला नाही. धनी खाल्लेली घोडी कोण नेणार? ती आपल्याच दारात राहिली. तुमची मोहरकीही घरात राहिली, खुंटीवर, रीतीप्रमाणं. लक्ष्मी राहिली आणि तुम्ही गेलात. दहाव्याला मी एकदाच तोंड उघडलं. म्हटलं, नवी चढल्यावर जुनी उतरवली असती तर? तुमचे चुलतभाऊ, आपले धाकटे मामंजी, पान थुंकून म्हणाले, "सूनबाई, रीत काय तुझ्या माहेराहून आली का बदलायला?" मी पदर सारखा केला आणि गप्प बसले.

गप्प बसले, पण डोकं गप्प बसेना. भाकरी थापताना, कापूस वेचताना मला तो मधला वेळच दिसायचा. एक उतरली आहे, दुसरी चढली नाही. आपल्या मोहरक्या तुम्ही त्या त्या तोंडावर वितीनं मोजून बांधायचा. घेणाऱ्याला तोंड मोजायला मिळतच नाही, तो आपला अंदाज घेऊन येतो. म्हणजे मोहरकी अशी हवी, की जी कुठल्याही तोंडाला तिथल्या तिथं लहान-मोठी होईल. म्हटलं, यात काय, सरकगाठ मारायची. मारली. धनगरांचा तळ आपल्या मोकळ्या रानात बसला होता, त्यांच्या बाईला म्हटलं, तुझ्या तट्टाला घालून बघू का? ती खदखदली. "घाला की काकू! त्याला नवरदेव करून ऱ्हायल्या का काय? जोडीचं तट्टू हाय मंग तुमच्याकडं?" मी घातली, तट्टानं मान मागं ओढली, आणि दोरी आवळत गेली. जितकं ते ओढी तितकी आवळे. त्याच्या नाकपुड्या मिटल्या, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं. मी विळ्यानं दोरी कापली. बाई हसायची थांबली होती. "काकू," ती म्हणाली, "हे घोड्याचं न्हाई, फाशीचं हाय."

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी तसल्या मोहरकीला हात लावला नाही. तुमचे चिरंजीव वरातीला घोडी नेऊ लागले, लेकरं झाली, आत्याबाई गेल्या, हे गेले. मध्येच कधी दाभण काढायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. जी दोरी मला सरकवता येते ती घोडीलाही सरकवता येते. मग एक दिवस नातीचं दप्तर उचलून ठेवताना त्याचा पट्टा हातात आला. त्या पट्ट्याला आडवा चाप असतो. बोटानं ढिला करून सरकवला तर सरकतो, पण दप्तरात पुस्तकं भरून लटकवलं तर जागचा हलत नाही. मी ते दप्तर कितीदा वर-खाली केलं असेल! नात म्हणाली, "आजी, शाळेत जायचंय का तुला?"

तेव्हा कळलं की सगळी मोहरकी दोरीची करायचा माझा हट्टच चुकीचा होता. नाकावर मऊ सुती दोर, ठरलेल्या हद्दीपलीकडं आवळू नये म्हणून त्याला गाठ. आणि कानामागं पलंगाची असते तशी जाड नवार, चापाची, एका बाजूनं पूर्ण उघडणारी. नवार आधी मानेभोवती घ्यायची आणि अडकवायची. घोडी धरली गेली. मग जुनी उतरवायची, मग नाकावरचा दोर वर घ्यायचा आणि चापानं बेताला आणायचं. मान म्हणजे तोंड नव्हे, मामंजी. तोंडावर दोन धनी कधीच येत नाहीत, रीतही मोडत नाही, आणि घोडी क्षणभरसुद्धा मोकळी राहत नाही.

चाप लेकानं कारखान्याजवळच्या लोहाराकडून सळई वाकवून आणले. आणले, पण कुरकुरत. त्यानं तुम्हाला पाहिलेलं नाही. "माय, घोडी गरीब हाय. लेकरागत उभी ऱ्हाती. कशाला एवढं?"

"तीबी गरीबच होती," मी म्हटलं.

मोहरकी मी आपल्या घोडीच्या तोंडाला लावून पाहिली नाही, कारण एकदा लागली की ती घरची झाली, मग ती बाहेर कशी द्यायची? लेकाच्या हाती ती गिऱ्हाइकाकडं आधीच पाठवली आणि निरोप दिला, ही तुमची म्हणून घेऊन या. म्हणजे जिनं ते तोंड पाहिलेलंच नाही अशा दोरीवर मी माझं पोर सोडलं होतं. बसली नाही तर? चाप सुटला तर? आठ दिवस मला खांब दिसत होता. फाटक पाडून नवं लोखंडी केलं त्याला जमाना झाला, तरी मला तो दगडी खांबच दिसत होता.

परवा गिऱ्हाईक आला, तरणा पोरगा. मोहरकी फिरवून फिरवून बघत होता. "काकू, ही मोहरकी हाय का दप्तर?" सुनेनं हळद-कुंकू लावलं, भाकरी चारली. धाकटे मामंजी खुर्चीवर येऊन बसले होते, आता त्यांना नीट दिसत नाही, पण रीतीला हजर. लेकानं नवार घोडीच्या मानेभोवती घेतली तसे ते ओरडले, "अरे, आपली उतरली का? दोन धनी करून ऱ्हायला का?"

"आजोबा, मानंवर हाय. तोंडावर न्हाई."

ते जरा वेळ चघळत बसले. "मानंवर... मंग चालतंय."

आपली मोहरकी उतरली. घोडीनं मान झटकली, मागं सरली, नवार ताणली गेली आणि लेकाचा हात जागेवर राहिला. नाकावरचा दोर वर आला, चाप सरकला. पोरगा म्हणाला, "बराबर बसली की!" आणि झालं. मामंजी, एवढंच होतं. पदर खोचायला लागतो त्याहून कमी वेळ. एवढ्याशा वेळासाठी तुम्ही गेलात आणि एवढीशी गोष्ट करायला मला अख्खा जन्म लागला. लोक म्हणतात वरातीमागून घोडं, माझी तर घोड्यामागूनसुद्धा मोहरकी. घोडी टेम्पोत चढली, गेली. लेक घरात येऊन पाणी प्यायला आणि म्हणाला, "माय, जमलं." त्याच्या बरगड्यांकडं मी बघत राहिले. आनंद व्हायला पाहिजे होता. मी त्याच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि पुन्हा भरला.

तुम्हाला एक सांगते, इथं कुणाला सांगितलं नाही. परवा मोहरकी चढल्याचं जे मी लिहिलं ते सगळं सुनेनं मागाहून सांगितलेलं आणि कानांनी ऐकलेलं. मी अंगणात नव्हते. कंबर धरली म्हणून आत गेले, आणि भिंतीकडं तोंड करून, डोळे गच्च मिटून उभी राहिले. माझ्याच हातची मोहरकी, आणि ती चढताना बघायची माझी छाती झाली नाही.

हा कागद कुठल्या पेटीत टाकतात ते मला माहीत नाही, म्हणून घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते. तुम्हाला अक्षरओळख नाही, पण तिकडं कुणी तरी वाचून दाखवील, लिहूनही देईल. बाकी काही लिहायला सांगू नका. त्या दिवशी ती घोडी आपली राहिली नव्हती आणि त्या माणसाचीही झाली नव्हती. सुटली असती तर सुटली असती. मग तुम्ही तिच्या आयाळीतला हात का सोडला नाही, तेवढंच लिहायला सांगा. जल्दी लिहायला सांगा, मामंजी, माझेही आता फार दिवस राहिले नाहीत.