एकाच नावाचे दोन ढग

प्रिय खलाशीबुवा,

ठमाबाई दुपारच्या झोपेत आहेत, तेवढ्यात लिहून घेते. चालायला लागल्यापासून तुझी लेक घरात एक वस्तू जागेवर राहू देत नाही. काल माझ्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमांचा अख्खा ट्रे पालथा केला आणि वर मलाच रागावली.

तिचा पहिला दात, पहिलं पाऊल, सगळ्याचे व्हिडिओ मी ढगात, म्हणजे फोनमधल्या त्या क्लाउडवर, टाकत होते. जहाजावर जाताना तूच म्हणालास ना, आपल्या दोघांच्या खात्यावर तिथे ठेव, बंदर आलं की बघेन, मीही माझे ठेवीन? पण नंतर तू त्याबद्दल अवाक्षर काढेनास. फोन लागला की मी विचारायचे, पाहिलंस का? तू म्हणायचास, कुठे काय आहे? आणि उलट मलाच, तू ऐकलंस का? मी म्हणायचे, काय ऐकू? तेवढ्यात आवाज तुटायचा. मला वाटलं, टाळतोयस. मग मीही नुसतं हं-हं करू लागले. झोपताना मात्र हात अजून तुझ्याच बाजूला जातो.

परवा फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून मोबाइलच्या दुकानात गेले. तिथली मुलगी म्हणाली, "ताई, एकाच कंपनीचे दोन ढग आहेत तुमच्याकडे. नाव तेच, चिन्हंही दोन्ही निळी. सगळ्यांचाच गोंधळ होतो. हा दुसरा तर तुम्ही कधी उघडलेलाच नाही."

तिने उघडला आणि आत तू होतास. मी एका ढगात ठेवत होते, तू दुसऱ्यात. दाढी वाढलेला, इंजिनाच्या घरघरीत बेसूर अंगाई म्हणणारा, प्रत्येक बंदरावरून लेकीला हाका मारणारा. भर दुकानात मला रडू आवरेना. त्या मुलीने स्टूल पुढे सरकवलं. घरी येऊन ठमीला दाखवलं, तर तिने फोन उलटा करून मागे कोण लपलंय ते पाहिलं.

शेवटचं रेकॉर्डिंग मी एकटीनेच ऐकलं. "तुम्हाला आता माझी गरज उरलेली दिसत नाही. पुढच्या बंदरात जहाजावरच राहण्याच्या नव्या कराराचे कागद येतील, सही करून टाकतो." तेव्हापासून निरोपांवर निरोप पाठवतेय, पण ते कुठे जाऊन पडतात याचा मला भरवसा राहिलेला नाही. म्हणून हे पत्र त्याच बंदराच्या पत्त्यावर, तुझ्या हातात पडावं म्हणून. सही करू नकोस रे. घरी ये.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझीच
ठमीची आई