अर्ध्या मैलाचा ट्रेल

३ नोव्हेंबर २००७, शनिवार
आजपासून रोजनिशी. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या तब्येतीच्या नोंदी लिहिल्या, आता रिटायर झाल्यावर स्वतःच्या. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं की सुमंत हे बर्फाळ डुलुथ सोडून तिकडे उबेत, फ्रीमाँटला जायचं म्हणतोय. लेकीकडे, कायमचा. हिवाळा सोसवत नाही म्हणे. हा माणूस उणे तीसमध्ये लोखंडाच्या खाणीवर उभा राहून काम घ्यायचा. लेकीनेच, चैत्रालीने, डोक्यात भरवलंय. तिथे टाउनहाउसमध्ये बसून नातवंडांना शाळेतून आणायची ड्यूटी. सुमंत कुजेल तिथे. चौतीस वर्षांची दोस्ती आहे, म्हणून मला त्याची काळजी. माझा स्वतःचा काही प्रश्न नाही. शरयू गेल्यापासून चार वर्षं एकटा आहे, उत्तम चाललंय.

उपाय सापडलाय. बाइक शॉपवाल्या एरिकने एक नवी सायकल दाखवली. चार इंच रुंद टायर, स्नोवरून चालते. माणसाला हिवाळा आवडायला लागला तर तो फ्रीमाँटला कशाला जाईल? दोन ऑर्डर केल्या. एक सुमंतची.

११ नोव्हेंबर, रविवार
सायकली आल्या. काळ्या, धिप्पाड, म्हशीसारख्या. सुमंतच्या गराजमध्ये नेऊन उभ्या केल्या. वाटलं होतं खूश होईल. नुसता बघत राहिला, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. हल्ली हसतच नाही. रुसलाय. काहीतरी पुटपुटला, ऐकू आलं नाही, दोनदा विचारलं तेव्हा कळलं की छान आहेत म्हणाला. आवाजही रुसलेला.

ठराव: चारचा चहा नेहमीप्रमाणे त्याच्याकडेच. फ्रीमाँटचा विषय मी काढायचा नाही. फक्त स्नोचं कौतुक करायचं.

२४ नोव्हेंबर, शनिवार
पहिला मोठा स्नो. एकटाच ट्रायलला गेलो. पार्कातला स्कीचा ट्रेल मशीनने सुरेख ग्रूम केलेला, कॉरडरॉयच्या पँटसारख्या रेघा. त्यावरून शंभर यार्ड गेलो. लाल टोपीवाली एक बाई स्कीवरून आली. म्हणाली, किती इंटरेस्टिंग सायकल आहे, आणि हा ट्रेल फक्त स्कीसाठी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, नाही का. इथली माणसं चिडली की जास्त गोड बोलतात. मी म्हटलं, मी डॉक्टर आहे. का म्हटलं कोण जाणे.

कडेच्या मऊ स्नोतून सायकल ढकलत परत आलो, मांडीपर्यंत रुतत. घरी वजन केलं. पाऊण पौंड कमी. सुरुवात चांगली आहे.

१ डिसेंबर, शनिवार
एरिक आणि त्याचे मित्र सायकलसाठी वेगळा ट्रेल तयार करतात. आज त्यांच्याबरोबर तीन तास होतो. पद्धत लिहून ठेवतो. आधी स्नोशूज घालून तुडवायचं. मग लाकडी फळीवर वजन ठेवून ती दोरीने ओढायची. मग रात्रभर तिकडे फिरकायचं नाही. दाबलेला स्नो थंडीत घट्ट बसतो, सकाळी रस्ता तयार. टायरमध्ये हवा इतकी कमी, की अंगठ्याने दाबला तर दबला पाहिजे. आणि चाक इंचापेक्षा खोल जात असेल तर मुकाट्याने परत फिरायचं, दुसऱ्यासाठी ट्रेल खराब करायचा नाही.

दोरी ओढताना कल्पना सुचली. माझ्या मागच्या दारापासून सुमंतच्या मागच्या दारापर्यंत झाडीतून अर्धा मैल आहे. उन्हाळ्यात आम्ही तिथूनच ये-जा करतो. हिवाळ्यात वाट बुजते आणि गाडीने दोन मैलांचा वळसा. तर या वर्षी वाट बुजू द्यायचीच नाही. दारातून सायकलवर बसायचं, दारात उतरायचं. असं फ्रीमाँटमध्ये करून दाखवा म्हणावं.

५ डिसेंबर, बुधवार
अर्ध्या मैलाला चार दिवस लागले. पाठ गेली. एकदा दोरी, फळी आणि मी असे तिघेही उतारावरून एकदम आलो. शेजाऱ्याने खिडकीतून पाहिलं, हात हलवला. मीही पडल्या पडल्या हलवला.

९ डिसेंबर, रविवार
आज सुमंतला सायकलवर बसवलं. आणि काय सांगू. सायकलपर्यंत येताना पाय घासत, म्हाताऱ्यासारखा. पेडलवर पाय ठेवला आणि पठ्ठ्या सुटला. गोल, सुरेख पाय चालत होते, कॉलेजात डबलसीट मारणाऱ्या मुलासारखे. मी मागे धापा टाकतोय. पलीकडे उतरला आणि पुन्हा पाय घासत चालायला लागला. म्हणजे दोष त्याच्या बुटांचा आहे. जड आहेत, खाणीतले.

"सायकलवर असलो की बरं वाटतं रे," म्हणाला. बघा. महिन्याभरात निम्मं काम झालं.

१६ डिसेंबर, रविवार
थांबून थांबून का होईना, रोज राइड होतेय. सुमंतला जरा शिस्त लावायला हवी. जॅकेटची बटणं लावायला दहा मिनिटं घेतो. डावा हात कायम खिशात, चालताना हलवत नाही. थंडी म्हणतो. चहाच्या वेळी तर अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत बसतो, तंबाखू मळतोय जणू. जन्मात सुपारी न खाल्लेला माणूस. मी म्हटलं, चुना देऊ का? सुचित्रावहिनींना हसू आलं नाही. त्याही रुसल्यात वाटतं. फ्रीमाँटचं खूळ त्यांचंच असणार.

१५ जानेवारी २००८, मंगळवार, संक्रांत
संक्रांतीचं आमंत्रण सुमंत दरवर्षी हाताने लिहून इथल्या पाच मराठी घरांना पाठवतो. यंदाचं वाचायला मला भिंग लागलं. पहिली ओळ बरी, पुढे अक्षर बारीक बारीक होत मुंगीएवढं. कागद वाचवतोय. पुणेकर तो पुणेकरच.

तीळ भाजायला त्यालाच उभं केलं होतं. तीळ करपले, घरभर धूर, आणि हा शांतपणे उलथनं फिरवतोय. वास आला नाही म्हणे. सर्दी असेल. लाडू कडू झाले, गोड बोला म्हणत सगळ्यांनी खाल्ले.

भांडी घासताना वहिनींनी हळूच विचारलं, "भाऊजी, यांचं चालणं तुम्हाला कसं वाटतं?"

मी म्हटलं, बूट बदला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बरं म्हणाल्या आणि भांडं पुसायला घेतलं.

अख्ख्या हॉस्पिटलला माहीत होतं, की पेशंट कॉरिडॉरमधून चालत येईपर्यंत माझं निदान झालेलं असायचं. रेसिडेंट पोरं पैज लावायची माझ्यावर. त्यामुळे मी बूट म्हटलं की बूट.

१६ जानेवारी, बुधवार
आज राइड नाही. उणे बावीस.

उगाच आठवलं. शरयूचे डोळे पिवळे दिसले ते पहिल्यांदा मीच पाहिलं होतं. नाश्त्याला, खिडकीपाशी, ती संत्रं सोलत होती. मला त्याच क्षणी सगळं कळलं, पुढचे पाच महिनेसुद्धा. त्या दिवशी मी तिच्याकडे पाहिलं नसतं, पेपर वाचत बसलो असतो, तर निदान तेवढं संत्रं तरी तिने सुखाने खाल्लं असतं.

असो. उद्या ट्रेलवर फळी फिरवायची आहे.

२७ जानेवारी, रविवार
सुमंत पडला. सायकलवर नाही, उतरताना. पाय टेकवायला उशीर केला आणि ओंडक्यासारखा आडवा झाला. हातसुद्धा पुढे टाकले नाहीत. स्नो मऊ होता, काही लागलं नाही. प्रॅक्टिस कमी पडते. उद्यापासून दोन फेऱ्या.

नवे बूट घातले होते. चांगले आहेत, हलके. थोड्या दिवसांत रुळतील.

१० फेब्रुवारी, रविवार
हल्ली दारात आला की थबकतो. उंबऱ्यावर पाय चिकटल्यासारखा उभा, मुहूर्त बघत असल्यासारखा. आज मी मागून म्हटलं, चल की यार, चहा निवतोय. म्हणाला, "येतोय रे. पाय ऐकत नाहीत." मी सुनावलं, ऐंशी वर्षांचा झाल्यासारखं बोलू नकोस. अडुसष्ट म्हणजे काही वय नाही. मी सत्तरचा आहे.

सायकलवर बसला की काही नाही. तेवढं बघितलं की माझी खात्री पटते.

२३ फेब्रुवारी, शनिवार
दोघं दोन आठवडे फ्रीमाँटला गेलेत. नुसतं भेटायला, असं सुमंत म्हणाला. चांगलं आहे, एकदा राहून बघू दे. फ्रीवेवरचा ट्रॅफिक पाहून आपोआप परत येईल. मी रोज ट्रेल तुडवतोय, आल्या दिवशी तयार हवा. चार वाजता सवयीने त्यांच्या दारापर्यंत गेलो, परत आलो. व्यायाम होतो.

९ मार्च, रविवार
परत आले. सुमंत झोपला होता. वहिनींनी चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. तिकडे चैत्रालीने न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली होती. पार्किन्सन्स आहे. बराच आधीपासून. गोळ्या सुरू केल्यात, थोडा फरक पडतोय. घर विकायला काढलंय.

मी म्हटलं, आधी का नाही दाखवलंत? वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी वर्षभर मागे लागले होते, भाऊजी. हे म्हणायचे, विष्णू रोज माझ्याकडे बघतो. काही असतं तर बोलला असता. म्हणून मग मी तुम्हालाच विचारलं संक्रांतीला. तुम्ही बूट म्हणालात. आम्ही बूट घेतले."

चहा तसाच राहिला. ट्रेलवरून चालत आलो. मधल्या बर्चच्या झाडापाशी बसलो आणि रडलो. शरयू गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो.

१० मार्च, सोमवार
ही वही पहिल्यापासून वाचली. लाल पेन्सिल घेऊन. चेहरा, ११ नोव्हेंबर. आवाज, त्याच दिवशी. पाय घासणं, हात न हलणं, बटणं, बोटं, अक्षर, वास, पडणं, उंबरा. एकही लक्षण सुटलेलं नाही. तारीखवार, व्यवस्थित. थर्ड इयरच्या मुलाला वाचायला दिली असती तर डिसेंबर संपायच्या आत त्याने फोन उचलला असता.

मी विनोद केले. चुना देऊ का म्हटलं.

२९ मार्च, शनिवार
मूव्हर्स आले. दुपारी सुमंत मागच्या दारातून म्हणाला, एक राइड मारू. अडतीस फॅरनहाइट, ऊन, ट्रेल भुसभुशीत. चाक दोन इंच आत जात होतं. नियमाप्रमाणे परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही. तो पुढे, मी मागे, अर्धा मैल जाऊन अर्धा मैल परत. ट्रेलची पार वाट लागली, खोल चर पडला.

उतरताना मी त्याचा दंड धरला. तिथेच सांगितलं, सुमंत, मला दिसायला हवं होतं. मी बघत नव्हतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळत नाही आता, आणि का कळत नाही ते मला ठाऊक आहे. मग म्हणाला, "तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी सायकलवर बसलो नसतो. बरा गेला हिवाळा."

हे त्याने माझ्यासाठी म्हटलं. मी ते तसंच घेतलं.

त्याची सायकल ट्रकमध्ये गेली. फ्रीमाँटला स्नो नाही, मी म्हटलं. म्हणाला, रस्ता तर आहे.

३ मे, शनिवार
सगळा स्नो गेला. गवत वर आलंय. फक्त ट्रेल राहिलाय. तुडवून, दाबून इतका घट्ट केला होता की तो वितळायचं नाव घेत नाही. हिरव्या गवतात माझ्या दारापासून त्याच्या दारापर्यंत एक पांढरी पट्टी, मधोमध चाकांचा चर. त्या घरात नवीन कुटुंब आलंय. बाईंनी परवा विचारलं, ही बर्फाची रेघ आमच्या मागच्या दाराशी कशी काय येते? मी म्हटलं, ट्रेल आहे. कुठे जातो, विचारलं. म्हटलं, माझ्याकडे.

सुमंतचा फोन होता, चार वाजता. तिकडे दोन. आवाज अगदी बारीक, कानाला रिसीव्हर दाबून ऐकला. चालायला त्रास आहे, सायकल जमते, तलावाभोवती रोज एक चक्कर. म्हणाला, "ये एकदा. आणि आलास की नीट बघ माझ्याकडे."

येतो म्हटलं. या आठवड्यात तिकीट काढतो म्हटलं. जूनमध्ये भाडं उतरतं असं ऐकलंय. लॉनचंही बघायला हवं. शिवाय ट्रेल पूर्ण वितळलेला नाही, तो असा अर्धवट टाकून कसं जाणार.

बर्चच्या सावलीत अजून आहे थोडा. तो गेला की तिकीट काढीन.