भिंगरीची तोंडी परीक्षा

४ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

भिंगरीच्या बाईंनी परत बोलावलं होतं. आठ वर्षांची माझी पोर, ग्रहण का लागतं ते बाईंनाच समजावते, तीन आकडी गुणाकार मनात करते. लिहायला बसली की ‘मगर’चं ‘गरम’ होतं. जादा मदतीच्या वर्गात विचारलं, तर इतकी हुशार मुलगी इथे कशाला म्हणाले. हुशार मुलांच्या वर्गात विचारलं, तर आधी लेखी चाचणी! मुख्याध्यापकांच्या मते ती आळशी, याच इयत्तेत ठेवू म्हणतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू तीस वर्षं शिकवलंस, तूच सांग.

तुझी धाकटी

१० फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

लाड पुरे. रोज दोन पानं शुद्धलेखन, चुकली की तीच ओळ दहादा. असल्या पन्नासजणी माझ्या हाताखालून सरळ झाल्या. एवढं बोलता येतं, तर लिहायला काय धाड भरलीय?

लोभ असू दे, रागावू नकोस.
ताई

२६ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न.

रागावलेच आहे, तुझ्यावर आणि माझ्यावरही. दहा दिवस तुझं ऐकलं. अकराव्या दिवशी पोरीचं बोलणंच थांबलं. काल तिच्या बाबांना म्हणाली, मला काहीच येत नाही असं शाळेत सांगा, म्हणजे लिहायला लावणार नाहीत. वही मी फाडून टाकली. मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून तोंडी परीक्षा कबूल करून घेतलीय.

धाकटी

४ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. त्या पन्नासातली एक आठवली. पाढे उलटे म्हणायची, वही मात्र कोरी. वर्षभर मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. पुढे ती यायचीच बंद झाली, आणि मला हायसं वाटलं होतं गं. परीक्षेचं कळव.

ताई

२९ मार्च

ति. ताईस सा. न.

परीक्षा झाली. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं. आज निकाल लागला. गुणपत्रिकेत शेरा: गैरहजर! कारकून म्हणाले, तक्त्यात लेखी गुणांचाच रकाना आहे, आणि तो रिकामा सोडता येत नाही. भिंगरीने एकेक अक्षर लावत शेरा वाचला नि मला विचारलं, आई, मी तर आले होते ना?

धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

सोमवारी सकाळच्या गाडीने येतेय. असले शेरे मीही खूप मारलेत. ते खोडायचे कसे आणि बाजूला सही कुणाची घ्यायची, मला ठाऊक आहे. नाही खोडला, तर त्यांच्या दारातून हलणार नाही.

भिंगरीला सांग, मावशी चुकली. हे पत्र तिला वाचायला देऊ नकोस, तोंडी सांग.

येतेच, माया आहे ती राहू दे.
ताई