लॉर्ड किलमोरनचे दापोलीकर वंशज

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
या घरात मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: चपलांचा रॅक, एकही खिळा न मारता. टीव्ही युनिट. घडी होणारा देव्हारा. लेक ईशानीचं स्टडी टेबल, जे ती वापरत नाही. मंडळाचं गणपतीचं मखर, सलग सहा वर्षं, आभाराच्या यादीत नाव दोनदा. आणि आता वंशवृक्ष, सागवानी फ्रेममध्ये. कुठला कोर्स नाही, डिग्री नाही. सगळं बघून बघून शिकलो.

हे लिहायचं कारण खालच्या मजल्यावरचा प्रल्हाद गुंजीकर. ट्यूबलाइट बदलायलाही माणूस बोलावतो. दुबईत, या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये येऊन वर्ष झालं नाही, आणि मंडळाच्या महाराष्ट्र दिनाला ‘आमचे पूर्वज’ या कार्यक्रमात त्याला वीस मिनिटं. कारण त्याचे पूर्वज म्हणे सरदार. पुरावा एक मोडी कागद, फ्रेम केलेला. फ्रेमचे चारपैकी तीन कोपरे जुळत नाहीत, मी हात फिरवून पाहिलं.

माझी बायको विभावरी म्हणाली, आवाज किती छान आहे ना त्यांचा. पूर्वजांच्या कार्यक्रमात आवाज कशाला लागतो, कळलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
वंशवृक्ष पुन्हा तपासला. आम्ही करंबेळकर. भिक्षुक, भिक्षुक, तलाठी, भिक्षुक, पोस्टमास्तर. एकजण बैलाला घाबरून गाव सोडून गेल्याची कुलवृत्तांतात नोंद आहे. तलवार कोणीच धरलेली नाही.

दुपारी आठवलं. आजोबांच्या पेटीतलं पितळी बटण. पुढे सिंह, मागे इंग्रजी अक्षरं. पणजोबा दापोली कॅम्पातले, जिथे पेन्शनीतले गोरे सोल्जर राहत. पणजोबांचे डोळे घारे. माझेही घारे. एवढी वर्षं हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

विभावरी म्हणाली, अर्ध्या कोकणाचे डोळे घारे आहेत, मग सगळ्यांना पासपोर्ट मिळणार का. तिला संशोधनाची पद्धत माहीत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
नेटवर जुन्या पेन्शनरांची एक यादी मिळाली. दापोली, मायकेल टिअर्नी, आयर्लंड. एका फोरमवर विचारलं. तिकडच्या एका बाईंनी लगेच कळवलं की टिअर्नी हा लॉर्ड किलमोरनचा घरातून पळालेला मुलगा होता, असं म्हणतात. ‘असं म्हणतात’ हे त्यांनी दोनदा लिहिलंय. आयरिश लोक नम्र असतात.

बटण भिंगाखाली घेतलं. मागे स्पष्ट कोरलंय: एक्स्ट्रा रिच. म्हणजे साधा सोल्जर नव्हे, मोठ्या घरचा.

ईशानीला दाखवलं. ती म्हणाली, पप्पा, दॅट्स जस्ट द क्वालिटी ऑफ द प्लेटिंग. सोळाव्या वर्षी सगळं येतं असं वाटतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी
मंडळात अर्ज दिला. मला पाच मिनिटं मिळाली, गुंजीकरच्या नंतर, जेवणाच्या आधी. हरकत नाही. सरदार काय, पन्नास होते. लॉर्ड एकच. त्या संध्याकाळी विभावरी पहिल्या रांगेत बसेल आणि माझ्याकडे बघेल, मग पाच मिनिटं पुरेत.

पार्किंगमध्ये गुंजीकर भेटला. नवी गाडी, पांढरी. म्हणाला, शैलेंद्रराव, ऐकलं तुम्ही पण काहीतरी बोलणार, मजा येईल. ‘काहीतरी’ आणि ‘पण’. दोन्ही शब्द लक्षात ठेवले आहेत.

गुरुवार, ६ मार्च
डीएनए टेस्ट. ऑनलाइन मागवली, नळीत थुंकून पाठवायची. ऑफर होती, एकावर एक फ्री. दुसरी ईशानीला दे असं विभावरीचं मत. पण मला त्याहून चांगली कल्पना सुचली. खाली जाऊन ती गुंजीकरला दिली. दोघांचे रिझल्ट स्टेजवर एकदम उघडायचे, समितीलाही कल्पना पटली. त्याचं येणार सरळ देशावरचं, पिढ्यानपिढ्या तेच. माझं येणार सव्वासहा टक्के आयरिश. हिशोब सोपा आहे: टिअर्नी पणजोबांचा बाप, माझा खापरपणजोबा, म्हणजे सोळावा हिस्सा.

गुंजीकर हसत हसत थुंकला. म्हणाला, यल्ला, होऊन जाऊ दे. त्याच्या बायकोने मला चहा दिला आणि आपल्या नवऱ्याकडे बघून हसली. आमच्याकडे असं कोणी कोणाकडे बघून हसत नाही. काम असतं सगळ्यांना.

मंगळवार, १ एप्रिल
ऑफिसातला बदरुद्दीन मूळ दापोलीचा, ईदला घरी गेलाय. त्याला कॅम्पातल्या गोऱ्यांच्या कबरस्तानात पाठवलं होतं. भला माणूस, सणाच्या दुसऱ्या दिवशी काट्यांतून गेला. टिअर्नीच्या थडग्याचा फोटो आला. मृत्यू १८७१.

पणजोबांचा जन्म १८८४.

फोनवर बदरुद्दीन म्हणाला, शैलेंद्रभाई, तेरा वर्षं आधी मेलेला माणूस बाप कसा होणार, हे जरा बघून घ्या हां. मी त्याला समजावलं की कोरणारे आकड्यांत चुकतात. साइटवर मी हे रोज बघतो, परवाच लिफ्टच्या पाटीवर सहाव्या मजल्याचा नववा झाला होता. ७१ नसून ९१ असणार. तो म्हणाला, इन्शाल्ला. त्याचा स्वर मला आवडला नाही.

रविवार, १३ एप्रिल
पुण्याला इंदूआत्याला फोन. वडिलांच्या पिढीतली ती एकटीच उरली, म्हणून पाठिंबा मागितला. लॉर्ड, सोल्जर, घारे डोळे, सगळं क्रमाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, शैलू, म्हणजे माझी पणजी कॅम्पातल्या सोल्जराकडे जायची, असं तू दुबईत माइकवरून सांगणार आहेस का.

या बाजूने मी विचार केला नव्हता.

आत्या पुढे म्हणाली, ती बाई सोवळ्यात पाण्याला कोणाला हात लावू द्यायची नाही, आणि हा निघाला तिला लॉर्ड लावायला. बटणाचं म्हणशील तर तुझ्या आजोबांनी लिलावात जुना कोट घेतला होता थंडीला, त्याचं ते. कोट उंदरांनी खाल्ला.

दोन तास बेचैन होतो. मग मार्ग सापडला: गुप्त विवाह. दोन्ही घरांचा मान राखला जातो. स्लाइड बदलली. कोटाचं आत्याच्या वयामुळे धरत नाही.

सोमवार, २८ एप्रिल
दोन्ही रिझल्टचे मेल आले. उघडले नाहीत, जसेच्या तसे समितीकडे पाठवले. शिस्त.

खाली गुंजीकर भाषणाची प्रॅक्टिस करतोय. खिडकीतून ऐकू येतं. विभावरी कपडे वाळत घालताना थांबून ऐकत होती. विचारलं, तर म्हणाली, चिमटा शोधत होते. चिमटा तिच्या हातात होता.

शुक्रवार, २ मे
उद्या कार्यक्रम, महाराष्ट्र दिन मंडळाने शनिवारी धरलाय. हिरवा टाय घेतला. विभावरीला म्हटलं, पहिल्या रांगेत बस. ती म्हणाली, बसते, पण तू जास्त बोलू नकोस, लोकांना भूक लागलेली असते.

पाच मिनिटांत बसवलंय. शेवटचं वाक्य पाठ: मित्रहो, रक्त बोलतं.

शनिवार, ३ मे
फेट्यात तो बरा दिसतो, एवढं मान्य. वीस मिनिटांची सत्तावीस घेतली, टाळ्यांमुळे. माझ्या वेळी अर्धा हॉल पुलावाच्या वासाकडे वळला होता. तरी बोललो. गुप्त विवाहापाशी कोणीतरी हसलं, मी तिकडे पाहिलं नाही. रक्त बोलतं म्हणालो आणि सेक्रेटरी वैभवीताईंना खूण केली.

त्यांनी पडद्यावर आधी माझा रिझल्ट लावला. दक्षिण आशिया, शंभर टक्के. खाली बारीक अक्षरांत पश्चिम किनारा. मी मशीनच्या चुकीच्या शक्यतेबद्दल दोन शब्द बोलायला लागलो, तेवढ्यात त्यांनी गुंजीकरचा लावला.

दक्षिण आशिया चौऱ्याण्णव. आयर्लंड सहा.

हॉल एकदम उभाच राहिला. गुंजीकर स्वतः चकित झाला, मग माइक घेऊन म्हणाला, अहो शैलेंद्रराव, तुमचा सोल्जर पत्ता चुकून आमच्याकडे आला की. एवढा मोठा हशा मंडळात मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. विभावरीही हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. ते थांबणं जास्त लागलं.

पुलाव कमी पडला. मी घेतला नाही.

रविवार, ४ मे
नळ्यांची अदलाबदल झाली असणार. कंपनीला मेल लिहिला, मुद्देसूद, नऊ मुद्दे. उत्तर अर्ध्या तासात आलं: नमुन्यांवर आपणच नावं चिकटवली आहेत. होय, मीच चिकटवली. पट्टी लावून, सरळ रेषेत.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुंजीकरला सगळे ‘लॉर्डसाहेब’ म्हणतायत. सरदार होताच, आता हेही. एका माणसाला किती द्यायचं याला काही मर्यादा हवी.

विभावरी म्हणाली, त्यांच्या डोळ्यांत काही घारं नाही, बघ ना, काळेभोर आहेत. एवढ्या बारकाईने कधी पाहिले, विचारलं नाही.

गुरुवार, ८ मे
गुंजीकर घरी आला. खजुराचा डबा घेऊन, बसायला लाजत. वंशवृक्षासमोर उभा राहिला, फ्रेमच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, म्हणाला, काय सांधा आहे हो. खरं बोलत होता, तेच वाईट.

मग म्हणाला, आईला हे सगळं सांगितल्यापासून ती जेवली नाही. तिला वाटतं लोक काहीबाही बोलतील. कोण होता, कुठला होता, लग्न लागलं होतं की नाही, हे कोणीतरी नीट शोधून तिला सांगायला हवं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, शैलेंद्रराव. तुमच्याइतकं बारीक बघणारा इथे कोणी नाही. आमचा सोल्जर तुम्हीच शोधा. फुकट नको, वेळेचे पैसे घ्या.

विभावरी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी म्हणालो, मला जमणार नाही, सध्या कामं फार आहेत.

पाच हजार दिरहम देत होता. म्हणजे आपले एक लाख सतरा हजार.